शाळा सुटते तेव्हाचं गेट

प्रश्न थोडक्यात असा. मुलुंडला एकाच आवारात शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालय आहे. सकाळच्या सत्रात प्राथमिकची ११०० मुलं, दुपारी माध्यमिकची १३००, वरच्या दोन मजल्यांवर अकरावी-बारावीचे ६०० विद्यार्थी. गेटं तीन. एका विक्रेत्याने ३८ लाखांचं कोटेशन दिलंय: मेन गेटवर चेहरा ओळखणाऱ्या मशीनसकट सहा फ्लॅप बॅरियर (ओळख पटली की बाजूला सरकणाऱ्या झडपांच्या वाटा, मेट्रो स्टेशनवर असतात तशा), आवारात ९६ कॅमेरे, आणि प्रत्येक वर्गाच्या दाराला मॅग्नेट लॉक, म्हणजे वीज असेपर्यंत दार चुंबकाने धरून ठेवणारं कुलूप. विश्वस्त विचारतायत, घ्यावं का? आणि हे नको तर काय घ्यावं?

मी १९ वर्षं अ‍ॅक्सेस कंट्रोल (कोणतं दार कोणासाठी उघडायचं ते ठरवणारी यंत्रणा) आणि सीसीटीव्हीची कामं करतोय. सुरुवात हातात ड्रिल घेऊन केली, आता नकाशे काढतो. त्यातल्या निम्म्याहून जास्त जागा शाळा-कॉलेजच्या. एवढ्या वर्षांत आत शिरलेल्या चोरामुळे मला शाळेतून फोन आलेला अगदी क्वचित आठवतो. बाकीचे सगळे फोन कोणीतरी किंवा काहीतरी बाहेर गेल्याचे, नाहीतर बाहेर जाता न आल्याचे. मूल भलत्याच माणसाबरोबर गेलं. जिन्याचं ग्रिल उघडेना. नोकरी सोडून गेलेल्या लॅब असिस्टंटचं कार्ड वर्षभर चालू राहिलं. तुमच्या कोटेशनमधली जवळजवळ सगळी रक्कम आत येणाऱ्यांवर लावलेली आहे, आणि माझा पहिला आक्षेप तोच आहे.

आधी फ्लॅप बॅरियर. माहितीपत्रकात एका लेनमधून मिनिटाला ३० माणसं जातात. ती माणसं बीकेसीतल्या ऑफिसांमधली, हातात लॅपटॉपची बॅग आणि गळ्यात कार्ड असलेली. पाठीवर दप्तर, दप्तराला लोंबणारी पाण्याची बाटली आणि एका हातात छत्री घेतलेलं सातवीतलं पोर मी मिनिटाला २० च्या वर धरत नाही. १३०० मुलं, त्यातली निम्मी शेवटच्या आठ मिनिटांत येणार, म्हणजे मिनिटाला ८० च्या आसपास. चार लेन लागल्या. पण त्याच वेळी प्राथमिकची ११०० मुलं बाहेर पडतायत, त्यांना घ्यायला आलेले आजी-आजोबा, मावश्या, व्हॅनवाले काका दाराशी उभे आहेत, आणि रस्त्यावर बेस्टच्या बसमागे चार रिक्षा हॉर्न वाजवतायत. सहा लेन कशा वाटणार? शिवाय दप्तर सेन्सरच्या आड आलं की फ्लॅप अर्ध्यावर थांबतो किंवा मुलाच्या अंगावर मिटतो. जुलै उजाडेपर्यंत वॉचमन ते कायमचे उघडे ठेवतो. मी बसवून दिलेले दोन ठिकाणचे बॅरियर आज असेच उघडे आहेत. एकावर चपराशी ओला रेनकोट वाळत घालतो, मी स्वतः पाहिलाय.

चेहरा ओळखण्याबद्दल मी जरा कडक बोलेन. मोठ्यांच्या ऑफिसात ते बरं चालतं. पहिलीतल्या मुलाचा चेहरा वर्षभरात बदलतो, त्यामुळे दर जूनला नोंदणी नव्याने. पावसात रेनकोटची टोपी कपाळापर्यंत. जुळी भावंडं असली की मशीन एकाची हजेरी दुसऱ्याच्या नावावर लावणार. आणि कायदा: डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि संस्थांवरची बरीचशी बंधनं टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. या कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण बालक आहे. म्हणजे शाळेतली मुलं तर आलीच, तुमचे अकरावी-बारावीचे बहुतेक विद्यार्थीही आले. मुलांच्या सुरक्षिततेपुरती शिक्षणसंस्थांना नियमांमध्ये काही सूट आहे, पण ती त्या कामापुरतीच. गोळा केलेली माहिती सांभाळायची जबाबदारी तिने सुटत नाही, आणि त्यात हयगय झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. विक्रेत्याला एकच विचारा: आमच्या ३००० मुलांचे चेहरे कुठल्या सर्व्हरवर बसणार आणि शाळा सोडल्यावर ते कोण पुसणार? तुमच्या विक्रेत्याला मी ओळखत नाही, पण या प्रश्नाला 'सर, क्लाउडवर' यापलीकडचं उत्तर मला फार थोड्यांनी दिलंय.

काही जण यावर तोडगा म्हणून दप्तरात ठेवायचं रेडिओलहरींनी लांबून वाचलं जाणारं यूएचएफ कार्ड सुचवतात. मूल गेटखालून गेलं की पालकांना मेसेज. ऐकायला छान आहे. माझ्या एका कामात ते बसवलं आणि तिसऱ्याच दिवशी सव्वाआठला मला फोन आला. एका आईला 'आपला पाल्य शाळेत पोहोचलेला नाही' असा मेसेज गेला होता. बाई विक्रोळीहून लोकलने निघाल्या होत्या, त्या कांजूरला उतरून उलट्या पावली शाळेत आल्या. मुलगी वर्गात बसून गणितं सोडवत होती. दप्तर उघडलं तर कार्ड स्टीलच्या डब्याला चिकटून बसलेलं, पलीकडे पाण्याची भरलेली बाटली. धातू आणि पाणी या दोन गोष्टींपुढे यूएचएफचं काही चालत नाही, आणि मुंबईतल्या प्रत्येक दप्तरात त्या दोन्ही असतात. दप्तराच्या नेमक्या त्याच कप्प्यात. त्यानंतर मी एकच सांगतो: हजेरी बाईंनी वर्गात घ्यावी, ती मोबाइलवर भरावी, आणि गैरहजेरीचा मेसेज त्यावरून जावा. बाईंची नजर चुकली तर त्या दुरुस्ती करतात.

आता मूळ मुद्दा. शाळा सुटते तो अर्धा तास.

प्राथमिकच्या मुलांसाठी मी सगळ्यात जास्त वेळ आणि सगळ्यात कमी पैसा इथे खर्च करायला लावतो. प्रवेशाच्या वेळी पालकांकडून तीन नावं, फोटो आणि मोबाइल घ्यायचे. त्यावरून घरी न्यायचं कार्ड छापायचं, मुलाचा आणि त्या तिघांचा फोटो एकाच कार्डावर. वर्गशिक्षिका मुलांना रांगेने खाली आणते, कार्ड बघते आणि मूल हातात देते. व्हॅनची मुलं वेगळ्या रांगेत, व्हॅनवाल्या काकांच्या यादीसकट. बदल असेल तर नोंदवलेल्या मोबाइलवरून सकाळी ११ च्या आत कळवायचा, कळवला नाही तर मूल ऑफिसात बसणार आणि ऑफिस आईला फोन लावणार. फोन शाळेने लावायचा, नोंदलेल्या नंबरावर. समोरच्या माणसाने स्वतःचा मोबाइल पुढे करून 'घ्या, तिच्याशीच बोला' म्हटलं तरी तो हातात घ्यायचा नाही.

हे शेवटचं वाक्य मी उगाच लिहिलेलं नाही. एका शाळेत मी कॅमेऱ्यांची जागा ठरवायला गेलो होतो, तेव्हा समोरच घडलं. बारा पस्तीसची वेळ. चाळिशीतला एक गृहस्थ, हातात पेढ्यांचा बॉक्स, म्हणाला मी मुलाचा मामा, गावाहून आलोय. मूल त्याला बघून धावत सुटलं, 'मामा, मामा'. दाराशी उभ्या असलेल्या शाळेच्या कर्मचारी मावशींनी कार्ड मागितलं. तो हसला, म्हणाला अहो पोरगं ओळखतंय की मला. मावशी जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी मुलाचा हात धरला आणि ऑफिसात नेलं. फोन लावल्यावर कळलं, माणूस खरंच मामा होता, पण आई-वडील वेगळे झाले होते, ताब्याचा खटला चालू होता, आणि वडिलांनी त्याला पाठवलंय की आईने, यावर दोन्हीकडून वेगवेगळं उत्तर आलं. मूल शेवटी चार वाजता घरी गेलं, कार्डावर नाव असलेल्या आजीबरोबर. त्या मावशींचा महिन्याचा पगार तुमच्या एका फ्लॅप बॅरियरच्या वार्षिक देखभालीएवढाही नसेल. आई-वडील वेगळे राहत असतील तर नावं कोणाची, हे प्रवेशाच्या वेळीच लेखी घ्या. न्यायालयाचा आदेश असेल तर त्याची प्रत मुख्याध्यापकांच्या कपाटात.

या जागी यंत्र हवंच असेल तर एक साधा टॅब आणि कार्डावरचा क्यूआर पुरतो. स्कॅन केलं की फोटो समोर येतो आणि कोण, कधी घेऊन गेलं याची नोंद राहते. त्या टॅबच्या वर एक कॅमेरा, माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीवर. छताला लावलेला कॅमेरा टोप्या आणि टकलं दाखवतो.

दुसरं बाहेर जाणं आगीच्या वेळचं. वर्गाच्या दारांना मॅग्नेट लॉक बसवू नका. या कल्पना परदेशातल्या गोळीबाराच्या धास्तीतून आल्यात. आपल्याकडे वर्गाचं दार मुलांना आतून, एका हाताने, किल्लीशिवाय उघडता आलं पाहिजे, बस. साधं ६०० पौंडांचं मॅग्नेट म्हणजे २७० किलोची पकड. चौथीतल्या पोराने कितीही ढकललं तरी ते सुटणार नाही. जिन्याच्या ग्रिलला किंवा प्रशासनाच्या मजल्याला लावायचंच असेल, तर तीन गोष्टी त्याच्याबरोबर आल्याच पाहिजेत. फायर अलार्मचा रिले (अलार्म वाजताच आपोआप पडणारा स्विच) थेट लॉकचा वीजपुरवठा तोडेल असा जोडलेला हवा, सॉफ्टवेअरमधून नको, कारण आग लागल्यावर सर्व्हर चालू असेलच असं नाही. दाराशी हिरवा ब्रेक ग्लास हवा, म्हणजे दाबला की लॉक सोडणारा डबा. आणि वर्षातून दोनदा खरोखर अलार्म वाजवून दार सुटतं का ते बघायचं. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याखाली जानेवारी आणि जुलैत फॉर्म बी (आगीची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र) भरावा लागतोच, तेव्हाच ही चाचणी उरकून घ्या.

खरं सांगायचं तर मुंबईतल्या शाळांत मॅग्नेटपेक्षा साधं कुलूप जास्त घातक आहे. मागच्या गेटला साखळी, साखळीला कुलूप, किल्ली वॉचमनकडे, वॉचमन टपरीवर. १६ जुलै २००४ ला कुंभकोणमच्या शाळेत आग लागली आणि ९४ मुलं गेली. तिथला जिना किती अरुंद होता हे वाचल्यापासून मी कुठल्याही शाळेत गेलो की आधी मागचा जिना बघतो, मग पुढचं गेट.

वीज गेली की मॅग्नेट सुटतं, हे तत्त्व माणसांच्या वाटेवर योग्य आहे आणि पेपर ठेवायच्या खोलीला अगदी चुकीचं. १२ ऑक्टोबर २०२० आठवतो का? सकाळी दहाच्या सुमारास अख्ख्या मुंबईची वीज गेली. पश्चिम उपनगरातल्या एका कॉलेजात परीक्षा विभागाच्या खोलीला मीच मॅग्नेट लॉक बसवलं होतं. सात अ‍ॅम्पिअर-तासांची बॅटरी, नवी असती तर चार-पाच तास सहज खेचली असती. ती तीन वर्षांची होती, तासाभरात बसली. करोनामुळे कॉलेज बंद, आवारात एकटा वॉचमन. त्याने फोन करून सांगितलं, साहेब, दार आपोआप उघडलंय, मी समोर खुर्ची टाकून बसलोय. संध्याकाळपर्यंत तो बसून होता. काही गेलं नाही, पण ती चूक माझी होती. अशा खोलीला वीज गेल्यावर बंदच राहणारं लॉक हवं, ज्याचं हँडल आतून नेहमी उघडतं आणि बाहेरून किल्ली लागते. दोन किल्ल्या, दोघांकडे.

कार्डांबद्दल. विक्रेता जी पांढरी कार्डं ४० रुपयांना देतो, ती बहुतेक १२५ किलोहर्ट्झची असतात. त्यांच्यात फक्त एक नंबर असतो, कुलूप कसलंच नाही. किल्ल्या बनवणाऱ्यांपैकी कित्येकांकडे आता त्यांची नक्कल करणारं हातातलं मशीन असतं, चहा होईपर्यंत दुसरं कार्ड तयार. त्याच्या वरच्या दर्जाचं मायफेअर क्लासिक कार्डही २००८ मध्ये संशोधकांनी फोडलंय. विद्यार्थ्यांच्या ओळखपत्रात हे चालेल, कारण त्याने कुठलंच महत्त्वाचं दार उघडत नाही. पण परीक्षा विभाग, सर्व्हर, रसायनशास्त्राची प्रयोगशाळा इथे नक्कल करायला अवघड अशी डेसफायर कार्डं घ्या, आणि कार्ड वाचणारा रीडर ते दार उघडायचं ठरवणारा कंट्रोलर ही वायर जुन्या, उघड्या विगँड पद्धतीऐवजी ओएसडीपी पद्धतीवर, तिचं सुरक्षित चॅनल चालू करून. अशी दारं तुमच्याकडे मोजून पाच-सहा निघतील, त्यामुळे खर्च अंगावर येत नाही. आणि एक फुकटचं काम: दर महिन्याला पगारपत्रक आणि चालू कार्डांची यादी शेजारी ठेवून जुळवा. कंत्राटी सफाईवाले, कँटीनवाले, संगणक दुरुस्त करणारा मुलगा, सगळ्यांची. मी जिथे जिथे पहिल्यांदा हे जुळवलं तिथे सोडून गेलेल्यांची चालू कार्डं सापडलीच, आणि एका ठिकाणी निवृत्त मुख्याध्यापकांचं.

कॅमेऱ्यांवर मी हात आखडता घेणार नाही, पण ९६ कशाला? ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाले. आरोपी शाळेतच सफाईचं काम करणारा होता. कुठलंही गेट, कुठलाही चेहरा ओळखणारा डबा त्याला अडवू शकला नसता, तो रोज कामावरच येत होता. त्यानंतर २१ ऑगस्टला सरकारने शाळांना सीसीटीव्ही सक्तीचे केले, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी सांगितली, आणि मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीनदा फुटेज बघायचं असंही सांगितलं. कॅमेरे बऱ्याच जणांनी लावले. तीनदा बघणारे मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके भेटले. तेव्हा आधी बघायचं काय ते ठरवा: स्वच्छतागृहांकडे जाणारा बोळ (आत कधीच नाही), जिन्याचे वळसे, खेळाच्या सामानाची खोली, शाळा सुटल्यानंतरचे रिकामे मजले, तिन्ही गेटं. तुमच्या इमारतीत हे ४५ ते ५० कॅमेऱ्यांत बसतं. आणि लहान मुलींच्या स्वच्छतागृहाजवळ बाई कर्मचारी हवी, तिथे कॅमेरा नेमलेल्या माणसाची जागा घेऊ शकत नाही.

साठवणीचा हिशेब विक्रेत्यावर सोडू नका. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६५ वर (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) सरासरी दोन मेगाबिट प्रति सेकंद धरला तर दिवसाला २१.६ जीबी. ५० कॅमेरे, ३० दिवस म्हणजे ३२ टीबीच्या वर. कोटेशनमध्ये ८ टीबीची एक डिस्क असेल तर आठवडाभराने जुनं फुटेज पुसलं जाणार, आणि मूल घरी काही सांगतं ते बरेचदा दहा-पंधरा दिवसांनी. रेकॉर्डरचं घड्याळ इंटरनेटवरून जुळवलेलं ठेवा. एकदा पोलिसांना फुटेज देताना घड्याळ २३ मिनिटं पुढे निघालं, आणि ते समजावण्यात आमची अख्खी दुपार गेली. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र आणि हॅश (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा ठसा-आकडा) द्यावा लागतो, तो काढायचा कसा हे संगणक शिक्षकांना आत्ताच शिकवून ठेवा. कॅमेरे घेताना एसटीक्यूसी या सरकारी तपासणी संस्थेचं प्रमाणपत्र मागा. एप्रिल २०२५ पासून विक्रीला येणाऱ्या कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या ठराविक कसोट्या लागू आहेत. गोदामात पडलेला जुना माल स्वस्तात खपवणारे अजून फिरतायत.

मुंबईच्या हवेबद्दल दोन ओळी. कंट्रोलर आणि रेकॉर्डर तळमजल्यावरच्या वॉचमनच्या केबिनमध्ये नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तळमजल्यावर जे होतं ते सगळं गेलं. बाहेरच्या बॉक्समध्ये वायर खालून घ्या, वरून घेतली की पाणी वायरीवरून थेट आत. आणि केबलचा तुकडा ब्लेडने खरवडून बघा: आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची. कॅमेरा पावसाळ्यात रात्री इन्फ्रारेड (अंधारात बघायचा न दिसणारा दिवा) पेटला की बंद पडतो तो बहुधा हिच्यामुळे. एका जागी मी तीन कॅमेरे बदलले आणि मग केबल कापून बघितली. उलटं करायला हवं होतं.

अकरावी-बारावीवाल्यांसाठी गेटवर ओळखपत्र आणि वॉचमनची नजर एवढं पुरे. या वयाची मुलं कुठलंही यंत्र दोन दिवसांत चुकवतात, आणि मला त्याचं थोडं कौतुकच वाटतं. त्यांचं गेट मात्र प्राथमिकपासून वेगळं काढा. मोठ्या विद्यापीठांच्या आवारांचा हिशेब निराळा असतो. कलिनाचं मुंबई विद्यापीठ किंवा पवईची आयआयटी अशा ठिकाणी कुंपणावर पैसे घालून फारसं हाती लागत नाही, तिथे वसतिगृहाचं आणि प्रयोगशाळेचं एकेक दार धरावं लागतं. पवईच्या आवारात तर राष्ट्रीय उद्यानातून बिबट्याही येऊन जातो, आणि त्याच्याकडे कार्ड मागायला कोण जाणार.

वॉचमन एजन्सीचा असेल तर तिचा परवाना बघा आणि माणूस दर दोन महिन्यांनी बदलू देऊ नका. चेहरे ओळखणारी मशीन मी नको म्हटली, पण चेहरे ओळखणारा माणूस हवाच. हजार पालकांतला कोण नेहमीचा आणि कोण नवा, हे सहा महिने उभा राहिलेला वॉचमन तुम्हाला सांगतो.

पक्का आराखडा देण्याआधी मला तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. मधल्या गेटची रुंदी टेपने मोजून, कारण प्राथमिकची मुलं तिथूनच सोडावी असं मला वाटतंय. आणि मागच्या तिसऱ्या गेटला आत्ता, या क्षणी, कुलूप आहे का, असेल तर किल्ली कोणाकडे, हे वॉचमनला न विचारता स्वतः जाऊन बघून कळवा.